खरेदीवहीतून एसक्यूएलकडे
(नव्याने संगणकाकडे : भाग ५)

वाणिज्य शाखेचे वाचक हटकून एकच प्रश्न विचारतात : प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, मग सुरुवात कशाने करू? पायथॉन की जावा? हिशेबाच्या कामात असाल तर माझं उत्तर आहे : आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा. त्यातलं निम्मं काम तुम्ही आजही करता.

दर महिन्याला जीएसटीआर-२बी उतरवून घेता. टॅलीतली खरेदीवही एक्सेलमध्ये काढता. मग व्हीलुकअप लावून कुठलं बिल दोन्हीकडे आहे आणि कुठलं फक्त आपल्या वहीत आहे, ते शोधता. जे जुळत नाही त्याचं क्रेडिट अडकतं, म्हणून पुरवठादाराला फोन करता. डेटाबेसच्या भाषेत हे दोन तक्त्यांचं ‘लेफ्ट जॉइन’ झालं. डावीकडे खरेदीवही, उजवीकडे २बी. उजवी बाजू रिकामी आली की समजायचं, समोरच्याने ते बिल दाखवलेलं नाही. फरक इतकाच की ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, एकदा लिहून ठेवली की पुढच्या महिन्यात फक्त माहिती बदलते. एक्सेलमधलं फिल्टर म्हणजे इथलं ‘व्हेअर’, पिव्हट टेबल म्हणजे ‘ग्रुप बाय’.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिच्यासाठी ही भाषा आखली, तीही प्रोग्रॅमर नसलेल्यांना वापरता यावी या हेतूने. तिच्यावर तुमचाही तितकाच हक्क आहे.

आता खाचखळगे. व्हीलुकअप जुळणारी पहिली ओळ देऊन थांबतो. जॉइन जुळतील तेवढ्या सगळ्या ओळी देतो. समजा, एका पुरवठादाराची चार बिलं वहीत आहेत आणि तीच चार २बीमध्ये आहेत. तुम्ही फक्त जीएसटी क्रमांकावर जॉइन केलं, तर वहीतलं प्रत्येक बिल समोरच्या चारही बिलांशी जोडलं जातं आणि सोळा ओळी येतात. कराची बेरीज चौपट होते. संगणक कुठलीही चूक दाखवत नाही, त्याच्या लेखी सगळं बरोबर असतं. नवखा प्रोग्रॅमर हा आकडा तसाच पुढे पाठवू शकतो. वर्षानुवर्षं मेळ घातलेला माणूस मात्र आधी खातेवहीची बेरीज बघतो आणि थबकतो. ही सवय कुठल्याही क्लासमध्ये महिन्याभरात लागत नाही. तुमची खरी पुंजी ती आहे, आणि ती मागे टाकून ‘शून्यापासून सुरुवात’ करण्याची भाषा मला मुळीच पटत नाही.

तर, जॉइनमध्ये बिल क्रमांकही घ्यायचा. तिथे नवा त्रास : वहीत ‘४५’, तिकडे ‘००४५’. दोन्ही क्रमांक एकाच साच्यात आणल्याशिवाय ते जुळणार नाहीत. आणखी एक : रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तो शोधताना बरोबरचं चिन्ह चालत नाही, ‘इज नल’ असंच लिहावं लागतं.

सरावासाठी एसक्यूलाइट घ्या. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो. मात्र ऑफिसची किंवा अशिलाची माहिती परवानगीशिवाय घरी आणू नका. स्वतः पन्नासेक खोटी बिलं तयार करा, त्यात मुद्दाम चुका पेरा आणि क्वेरीने त्या सापडतात का पाहा.

नोकरी लगेच सोडू नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चं आमिष दाखवून मोठी फी मागणाऱ्या क्लासपासून चार हात लांब राहा. अर्ज करताना आधी एमआयएस, ईआरपी सपोर्ट आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग या जागा बघा, कारण तिथे हिशेब कळणारा माणूस हवाच असतो. मुलाखतीत प्रमाणपत्रांची यादी वाचण्यापेक्षा त्या सोळा ओळी कशा आल्या आणि तुम्ही त्या चारवर कशा आणल्या, हे कागदावर आखून दाखवा.

पुढच्या भागात : बँकेचं स्टेटमेंट आणि पायथॉनची पहिली ओळख.