उथळ पाण्याचं घड्याळ

नेदरलँड्समधल्या डेन हेल्डर बंदरापासून जर्मनीवरून डेन्मार्कपर्यंत, सुमारे 500 किलोमीटर किनाऱ्याला लागून वाडन समुद्र पसरला आहे. बाहेरच्या अंगाला टेक्सेल, टर्स्खेलिंग, आमेलांड, नॉर्डरनाय अशा बेटांची रांग, आत मुख्य किनारा आणि मधे दिवसातून दोनदा उघडा पडणारा गाळ. 2009 साली युनेस्कोने त्यातला डच आणि जर्मन भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला, 2014 मध्ये डेन्मार्कचा. उन्हाळ्यात सपाट तळाच्या शिडाच्या बोटी इथे हिंडत असतात. नकाशा पाहून कुणालाही वाटेल, बेटांच्या आडोशाला कमरेएवढ्या पाण्यात बोट हाकायची, यापेक्षा सोपी सफर कुठली?

पहिला गैरसमज हाच. उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. आडोसा असतो तो बेटाच्या पाठीशी. दोन बेटांमधल्या खिंडीतून आतलं सगळं पाणी ओहोटीला बाहेर धावतं, आणि त्याच वेळी वायव्येचा वारा समोरून आला तर तोंडावरच्या वाळूच्या दांड्यांवर लाटा उभ्या राहून फुटतात. तिथे ‘पाय टेकले तर उभं राहता येईल’ हा दिलासा कामाचा नाही.

दुसरा समज जास्त फसवा आहे: बोटीला कमी पाणी लागत असेल तर भरती-ओहोटीची फिकीर कशाला? वास्तविक उलट आहे. पोटाखाली खोल कील असलेली बोट मुख्य प्रवाह सोडतच नाही, त्यामुळे तिला वेळेची थोडीफार चूक परवडते. 60 सेंटिमीटर पाण्यात तरंगणारी बोट मात्र बेटाच्या मागून, सर्वांत उंच गाळावरून जाऊ शकते, आणि म्हणूनच तिला घड्याळ पाळावं लागतं. बेटाच्या दोन्ही टोकांकडून शिरलेली भरती मागे एकमेकींना भिडते. तिथे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो आणि तळाला उंचवटा तयार होतो. भरतीची लाट पश्चिमेकडून येत असल्याने हा उंचवटा बेटाच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा पूर्वेला सरकलेला असतो. जाणकार भरतीबरोबर निघतात, पूर्ण भरतीच्या जरा आधी उंचवटा ओलांडतात आणि पलीकडच्या ओहोटीवर स्वार होतात. दोन्ही बाजूंना प्रवाह पाठीशी! उशीर झाला आणि बोट टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास बसून राहा. उधाणाच्या ऐन माथ्यावर टेकली तर आणखी वाईट, कारण त्यानंतरची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा बुटकी येते आणि मुक्काम काही दिवसांचा होऊ शकतो.

पाणी एका चालीने उतरतं, असंही मानलं जातं. खलाशी बाराव्या हिश्शाचा ढोबळ नियम वापरतात: ओहोटीच्या सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक हिस्सा पाणी जातं. एकूण उतार 2.4 मीटर असेल तर पहिल्या तासात 20 सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 60. म्हणजे आपल्या बोटीला लागणारं सगळं पाणी एका तासात गायब. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून निवांत जेवायला बसणारे इथेच फसतात.

कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. रोज सुमारे 50 मिनिटांनी भरती पुढे सरकते हे तत्त्व वाडन समुद्रातही खरं, पण मुंबईतली ‘पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास’ ही सुरुवात तिथे चालत नाही. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. उंचीही वेगळी: डेन हेल्डरला सरासरी जेमतेम दीड मीटर, जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनला पावणेचारच्या आसपास. शिवाय तक्त्याला वारा ठाऊक नसतो. पूर्वेचा वारा जोरात असला की पाणी तक्त्यापेक्षा कमी भरतं, वायव्येचा ते आत ढकलून फुगवतो.

बोट गाळावर टेकली म्हणजे अपघात, हा समज तर इथल्या खलाशांना हसवेल. ते मुद्दाम टेकवतात. मात्र जागा निवडावी लागते. तळ सपाट आणि ओबडधोबड नसलेला हवा, खोल प्रवाहाची उतरती कड जवळ नको आणि लाटा तर नकोतच, कारण अर्धवट तरंगणारी बोट प्रत्येक लाटेबरोबर तळावर आपटते. नांगर टाकून ठेवायचा, पाणी परतलं की तो धरून ठेवतो. बोटीवरून उतरून गाळावर फिरायला निघालात तर मागची घळ आपल्याआधी भरते, हे विसरायचं नाही.

सपाट तळाची बोट वाऱ्याविरुद्ध जातच नाही, हेही अर्धसत्य. खोल कीलच्या यॉटइतकी ती वाऱ्याच्या जवळ जात नाही, हे मान्य. पण तिच्या दोन्ही कुशींना जाड फळ्या टांगलेल्या असतात, त्यातली वाऱ्याच्या आडची फळी पाण्यात सोडली की बोट आडवी वाहून जाणं बरंच थांबतं. फळी पोटातल्या खाचेत नसून बाहेर असल्याने गाळावर बसताना वाळू अडकून खाच चोंदायची भीती नाही. ती तळाला घासून वर उचलली गेली, तर पाणी संपत आल्याची सूचनाही मिळते. आणि ही गरिबाची बोट असं वाटत असेल तर, राजकन्या बेआट्रिक्स 18 वर्षांच्या झाल्या तेव्हा डच जनतेने भेट दिलेली ‘द ग्रूने द्राक’ याच जातीची आहे.

जुना नकाशा चालेल, हा समज मात्र धोक्याचा. वाळू हलते, प्रवाह जागा बदलतात, त्यामागून बोय हलवाव्या लागतात आणि उंचवट्यांवर वाट दाखवणाऱ्या काठ्या रोवल्या जातात. 1932 साली आफस्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाल्यावर तर पश्चिमेकडच्या भागातल्या भरतीचं मानच बदललं. अर्स्किन चिल्डर्स 1897 मध्ये जर्मन बेटांमागे हिंडला. त्या वाळूवर त्याने 1903 मध्ये गाजलेली हेरकादंबरी लिहिली. ती आजही वाचावी, पण तिच्यातले नकाशे घेऊन निघू नये.

उघडा पडलेला गाळ रिकामा असतो, हीदेखील गैरसमजूतच. दरवर्षी सुमारे एक कोटी स्थलांतरित पक्षी या भागात थांबतात, आणि ओहोटीला उघडा पडलेला गाळ त्यांच्यातल्या अनेकांचं जेवणाचं ताट असतं. सील वाळूच्या दांड्यांवर विसावतात, पिलं वाढवतात. काही भाग म्हणूनच बंद ठेवलेले असतात, नकाशावर ते दाखवलेले असतात. बाकीच्या ठिकाणी अंतर राखणं आपल्याकडे: सील माना वर करून आपल्याकडे बघू लागले, तर बोट आधीच जास्त जवळ आलेली आहे.