एका लक्ष्मीच्या हजारो प्रती

मूळ चित्र आणि त्याची प्रत यांचा जो वाद आधुनिक कलेत अजून मिटलेला नाही, त्याचं एक टोक गायकवाडांच्या बडोदा संस्थानात सापडतं.

मागणी अफाट आणि हात दोनच, तेव्हा निवडक चित्रं युरोपातून छापून आणा, असं चित्रकार राजा रविवर्म्याला सुचवलं ते बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. पुढे रविवर्म्याने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी १४ पौराणिक चित्रं रंगवली. ती राजवाड्याची झाली. रयतेच्या वाट्याला आली ती १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या, नंतर मळवलीला हलवलेल्या त्याच्या छापखान्यातली चित्रं.

ही चित्रं शिळाछापाची. त्यात चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात आणि दगड ओला करतात. मग शाई फक्त रेघांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्याच्या लक्ष्मीच्या चित्रात गालाची छटा एका दगडावरून, साडीचा लाल दुसऱ्यावरून, आणि कागद केसभरही सरकता कामा नये. दगडांवर राबणारे हात कारागिरांचे होते. मग या चित्राचा कर्ता एकटा रविवर्मा कसा म्हणायचा?

यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीभोवतीचं वलय विरतं, असं जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३०च्या दशकात मांडलं. मला ते इथे पटत नाही. छापील लक्ष्मीला घराघरांत हार चढले, कुंकू लागलं. बायकांनी तिच्या पदरावर जर आणि टिकल्या चिकटवल्या. यंत्रातून सारख्या निघालेल्या दोन प्रती दोन घरांत वेगळ्या झाल्या! अशा सजवलेल्या प्रती आज संग्राहक मुद्दाम शोधतात.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ साली सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली तेव्हा तर एकसारखेपणा हाच विषय होता. प्रत्येक डबा मात्र वेगळ्या चवीचा.

कोरलेल्या पत्र्यावरून मोजक्याच प्रती काढणं हे मूळ आणि प्रत या वादाचं दुसरं टोक, तेही बडोद्यातच सापडतं. तिथल्या कला विद्याशाखेने ज्योती भट्ट यांच्यासारखे मुद्राचित्रकार घडवले. मुद्राचित्राखाली पेन्सिलीने ३/२५ असं लिहितात, म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रत. ठरलेल्या प्रती निघाल्या की पुष्कळदा पत्र्यावर ओरखडे मारून तो बाद करतात. ही टंचाई कलावंताने ठरवलेली असते. त्याने चित्राची किंमत राखली जाते, गुणवत्ता त्याआधीच पत्र्यावर कोरलेली असते.