काचेची गोलाई कोण तपासतो?

कॅमेऱ्याचे किंवा दुर्बिणीचे भिंग हाताला अगदी गुळगुळीत लागते. पण चांगल्या भिंगाच्या गोलाईत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी चूकही खपत नाही. इतके बारीक मोजायला पट्टी कुठली आणायची? कारागिरांना ती प्रकाशातच सापडली.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी न्यूटनची वलये पाहिली असतील. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचे आणि वरून सोडियम दिव्याचा पिवळा उजेड सोडायचा. मधल्या हवेच्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. कुठे तो वाढतो, कुठे विझतो. म्हणून काळी-पिवळी वलये उमटतात. एका काळ्या वलयाकडून पुढच्याकडे गेलो की हवेचा थर सुमारे 0.0003 मिलिमीटरने वाढलेला असतो.

कारखान्यात सपाट काचेऐवजी बरोबर उलट गोलाईची नमुना-काच घेतात. भिंग तिच्यात बसवून वलये पाहायची. थोडीच आणि गोल असली तर काम जमले. गोल पण पुष्कळ असली तर सगळी गोलाईच कमी-जास्त आहे. वेडीवाकडी झाली तर तेवढ्या जागी खड्डा किंवा उंचवटा आहे. आम्हाला ही रीत फार आवडते. यंत्र म्हणावे असे तिच्यात जवळजवळ काहीच नाही! काचेवर काच घासून ओरखडा पडण्याची भीती मात्र असते. म्हणून इंटरफेरोमीटर वापरतात. त्यात लेझरचा झोत दोन वाटांना फुटतो. एक भाग नमुना-पृष्ठावरून परततो, दुसरा तपासायच्या भिंगावरून, आणि दोन्ही मिसळले की तसेच पट्टे दिसतात.

चेंडूसारख्या गोलाईला हे सोपे जाते. पण 984 च्या सुमारास बगदादच्या इब्ने सहल यांनी दाखवले होते की समांतर किरण एकाच बिंदूत आणायचे तर भिंगाला अपास्त नावाच्या वक्राचा बाक हवा. असे पृष्ठ तपासताना वाटेत आणखी भिंगे-आरसे ठेवून प्रकाशालाच तसा आकार द्यावा लागतो.

हबल दुर्बिणीचा 2.4 मीटरचा मुख्य आरसा याच जातीचा. त्याच्या तपासणी-उपकरणातले एक भिंग 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. पट्टे सुरेख आले, आणि आरसा मात्र कडेला सुमारे 2 मायक्रॉन जास्त सपाट झाला. मापात काटा मारू नये, हे आपल्या घरांत लहानपणीच सांगतात. इथे काटा कुणी मारला नव्हता. काटाच खोटा होता. वाईट याचे वाटते की दुसऱ्या उपकरणांनी ही चूक दाखवली होती. पण ती कमी अचूक समजली जात, म्हणून त्यांची साक्ष बाजूला पडली.

एप्रिल 1990 मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रे धूसर आली. चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे नेमके काढता आले, म्हणून इलाज झाला. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी तेवढीच उलट चूक घडवलेले छोटे आरसे बसवले, जणू दुर्बिणीला चष्मा लावला. पुढची उपकरणे आपली दुरुस्ती सोबत घेऊनच आली, आणि 2009 मध्ये तो चष्मा काढून पृथ्वीवर परत आणला. मुख्य आरसा आहे तसाच आहे.