नळ्या आणि नाती

आमच्या वसईत मृत्युपत्र म्हटले की वाडीची वाटणी, बावखलाचे पाणी आणि वाटेचा हक्क! देहाचे काय करायचे, ते कुणी लिहीत नाही. मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी थोरला म्हणतो नळ्या काढा, धाकटा म्हणतो हात लावाल तर खबरदार. ज्याचा जीव, तो मुका.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘लिव्हिंग विल’ मान्य केले, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का पुरतो. एक प्रत मात्र महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या अभिरक्षकाकडे द्यायची. रुग्णालयाला खातरजमा तिथे करता येते. असे अभिरक्षक नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि राज्यात ४१७ जण नेमले गेले. जन्माची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतच हाही कागद राहावा, हे मला पटते.

कागद आहे म्हणून लगेच नळ्या निघत नाहीत. डॉक्टरांची दोन मंडळे तपासतात. खरी अडचण घरातच. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे लिहावी लागतात. पत्नीने पहिले नाव तिच्या बहिणीचे घातले. मी कारण विचारले.

‘‘तुम्ही मला सोडणार नाही,’’ ती म्हणाली.