शास्त्रीय निबंधातील संदर्भांची मांडणी

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात अवजड विद्युत्-यंत्रे घडविणारा मोठा कारखाना आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या सरकारी कंपनीचा हा कारखाना १९६० साली राष्ट्राला अर्पण झाला आणि १९७४ साली ती कंपनी ‘भेल’मध्ये विलीन झाली. अशा कारखान्यात कोणताही सुटा भाग यंत्रावर चढविण्यापूर्वी त्याच्या आरेखनाचा क्रमांक व आवृत्ती पाहिली जाते. ‘अमक्याने सांगितले’ एवढ्यावर तेथे काम चालत नाही.

याच परिसरातील एक मराठी तरुण मध्यंतरी आपला शास्त्रीय निबंध घेऊन आमच्याकडे आला. संदर्भांची मांडणी नियमानुसार नाही, एवढ्याच कारणावरून एका नियतकालिकाने तो परत पाठविला होता. स्वल्पविरामासाठी वर्षाचे श्रम अडवावेत काय, असा त्याचा सात्त्विक संताप होता. आम्ही त्याच्यासह यादीतील नोंदी मूळ लेखांशी ताडू लागलो. एकीचे वर्ष चुकले होते, दुसरीत खंडाच्या जागी अंक पडला होता, आणि दोन लेख तर त्याने स्वतः पाहिलेलेच नव्हते. इतरांच्या याद्यांतून ते उतरले होते. स्वल्पविरामाच्या निमित्ताने निराळेच दुखणे उघडकीस आले. हा विषय अध्यापकांपुढे मांडावा असे वाटण्याचे कारण हेच होय.

आधार दाखविण्याची शिस्त पाश्चात्त्यांकडूनच आली, असा समज आपल्याकडे आढळतो. तो खरा नाही. मल्लिनाथाने आपल्या टीकांच्या आरंभी प्रतिज्ञाच केली आहे की, आधार नसलेले काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही बोलणार नाही. संदर्भशास्त्राचे सारे मर्म या दोन अंगांत आले. जेथे दुसऱ्याचे ज्ञान घेतले तेथे आधार हवाच. केवळ विद्वत्ता दिसावी म्हणून दिलेला आधार मात्र नको.

परंतु आधार असणे वेगळे आणि तो वाचकास सापडणे वेगळे. भगवद्गीतेचा पहिला अध्याय भीष्मपर्वात कितवा, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. प्रचलित प्रतींत तो २५ वा आहे. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीत तो २३ वा आहे. म्हणून नुसता अध्यायाचा आकडा देणे पुरेसे नाही, आवृत्ती सांगितली पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून खंडशः प्रसिद्ध केली, तेव्हा कागदांना लेखांक दिले. पुनर्मुद्रणात पृष्ठे बदलली, तरी लेखांक तोच राहू शकतो. आज शास्त्रीय लेखांना ‘डीओआय’ नावाचा जो स्थायी क्रमांक दिला जातो, त्याचे तत्त्व हेच आहे : लेखाचा संकेतस्थळावरील पत्ता बदलला तरी त्याची ओळख बदलू नये.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. मुख्य पद्धती दोन आहेत. पहिली लेखक-वर्ष पद्धती. मजकुरात कंसामध्ये लेखकाचे नाव व वर्ष द्यावयाचे आणि शेवटी वर्णानुक्रमे यादी. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधाकडे तिचा उगम नेला जातो. दुसरी क्रमांक-पद्धती, मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतील त्या क्रमाने आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ साली व्हँकूव्हर येथे बैठक झाली, त्यावरून तिच्या वैद्यकातील रूपास त्या नगराचे नाव पडले. पहिलीत वाचकास कोणी व केव्हा हे जागीच कळते. दुसरीत मजकूर मोकळा राहतो, परंतु मध्येच एक संदर्भ वाढला की पुढचे सारे आकडे सरकतात. म्हणून हाताने यादी करणाऱ्याने अखेरच्या मसुद्यापर्यंत लेखक-वर्ष लिहावे आणि आकडे शेवटी घालावेत. ‘तत्रैव’ हा शब्दही याच कारणाने मसुद्यात टाळावा. मध्ये दुसरी नोंद शिरली की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवितो.

एक नमुना पाहू. रामन परिणामाची वार्ता देणारे रामन व कृष्णन यांचे टिपण लेखक-वर्ष पद्धतीने असे लिहिता येईल : रामन, सी. व्ही. व कृष्णन, के. एस. (१९२८), ‘दुय्यम प्रारणाचा एक नवा प्रकार’, नेचर, खंड १२१, पृ. ५०१-५०२. येथे शीर्षक आम्ही समजण्यासाठी मराठीत दिले आहे. प्रत्यक्ष यादीत ते मूळ भाषेतच द्यावे. कोठे वर्ष आधी, कोठे शेवटी. कोठे नियतकालिकाचे नाव पूर्ण, कोठे संक्षिप्त. हे सर्व ज्या नियतकालिकाकडे निबंध धाडावयाचा, त्याच्या सूचनांवरून आणि ताज्या अंकावरून ठरवावे. बाह्य रूप बदलते. लेखक, वर्ष, शीर्षक, स्थान ही चार अंगे बदलत नाहीत.

नावांच्या बाबतीत आपल्या देशात विशेष जपावे लागते. मराठी रीतीत आडनाव शेवटी येते, म्हणून ते पुढे आणणे सोपे. ‘रामन’ हे मात्र आडनाव नव्हे, स्वतःचे नाव आहे. ‘सी’ हे अक्षर वडिलांच्या नावाचे. शिवाय कुलकर्णी, जोशी, देशपांडे इतके, की आडनाव व आद्याक्षरे सारखी असलेले अनेक अभ्यासक निघतात. विवाहानंतर नाव बदललेल्या विदुषींचे कार्य तर दोन नावांत विभागले जाते. २०१२ पासून संशोधकांना मिळू लागलेला सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक या अडचणीवरील उपाय होय. जुन्या मराठी ग्रंथांवर शक असतो. त्यात ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे, व मूळ शकही नोंदवावा.

मांडणी निर्दोष असूनही संदर्भ खोटा असू शकतो, हे शेवटी सांगितले पाहिजे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांत केवळ नमुना म्हणून एक काल्पनिक लेख छापलेला होता. तो अस्तित्वातच नव्हता. तरीही शेकडो निबंधांनी तो आधार म्हणून दिल्याचे २०१७ साली उघड झाले. आता संगणकाकडून संदर्भ रचून घेण्याची सोय झाली आहे, आणि तो नसलेले ग्रंथही अगदी नियमबद्ध रूपात सादर करतो. म्हणून विद्यार्थ्यांस आधी एकच नियम शिकवावा : जे पाहिले नाही ते यादीत घालू नये; दुसऱ्याच्या द्वारे कळले असेल, तर त्या दुसऱ्याचे नाव सांगावे.

त्या तरुणाने दोन्ही लेख मिळवून वाचले. त्यांतील एक त्याच्या विधानाला पुष्टी देत नव्हताच. उलट त्यास मर्यादा घालीत होता. त्याने निबंधातील एक परिच्छेद बदलला आणि मगच यादी नियमाप्रमाणे लिहिली. संदर्भ हे पूर्वसूरींच्या ऋणाचे खत आहे. त्यावर नाव, तिथी आणि रक्कम अचूक असावी, एवढीच अपेक्षा.