जुनी पिकअप घेण्यापूर्वी

आमच्या गावचे एक शेतकरी संत्र्याचा व्यापार करतात. वरूडकडून माल भरायचा आणि अकोल्याच्या बाजारात न्यायचा, असा त्यांचा क्रम. भाड्याच्या गाडीत फार पैसा जातो, म्हणून त्यांनी एक जुनी डिझेल पिकअप विकत घेतली. निम्मे पैसे कापसाचे होते. निम्मे बायकोच्या पाटल्या मोडून उभे केले होते.

गाडी त्यांनी भर दुपारी पाहिली. धुऊन पुसून ती चकचकीत केलेली होती. चावी फिरवताच सुरू झाली. मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारली आणि तिथेच सौदा झाला. चाळिसाव्या दिवशी माल भरलेला असताना गाडी बंद पडली. इंजिन उघडावे लागले. मिस्त्रीने खर्चाचा आकडा सांगितला, तेव्हा ते गॅरेजच्या ओट्यावर मटकन खाली बसले. तो हंगाम गाडीविना गेला. पाटल्या तर गेल्याच होत्या.

पुढच्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, मले बी पिकअप घ्याची हाय. तुम्ही चाला नं संगं."

आम्ही म्हणालो, "अरे बाबा, आम्हाला भूमिती येते. इंजिन येत नाही."

"पण खोटं बोलनारा पोरगा तुम्ही लगेच ओयखता नं! तेवढंच पाह्यजे."

तेव्हा आम्ही निघालो. सोबत एक जाणता मिस्त्री घेतला. त्याची दिवसाची मजुरी कबूल केली. त्या मिस्त्रीने आम्हाला जे दाखविले, ते येथे लिहीत आहोत.

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शेवटी जोत्याला लावून पाहतो. शिंगांना रंग लावला म्हणून कुणी पैसे मोजत नाही. मग गाडी घेताना रंगावर कसे भुलावे? धुतलेली, आधीच गरम केलेली, रिकामी आणि चांगल्या रस्त्यावर चालणारी गाडी आपले दुखणे सांगत नाही. ती थंड असताना पाहावी, खालून पाहावी आणि ओझे घालून पाहावी.

थंड कशासाठी? ते समजायला डिझेलचे इंजिन कसे चालते हे थोडे ठाऊक हवे. सायकलीत हवा भरताना पंपाची नळी खाली गरम होते, हा अनुभव तुम्हाला आहेच. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने याच गोष्टीवर १८९७ साली इंजिन चालवून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आत हवा साधारण १५ ते २० पट दाबली जाते. ती ५०० अंशांहून अधिक तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडतो आणि आपोआप पेट घेतो.

म्हणजे दाब हाच या इंजिनाचा प्राण आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा बाजूने निसटते, दाब बसत नाही आणि हवा पुरेशी तापत नाही. इंजिन आधीपासून गरम असेल, तर असे झिजलेले इंजिनही झटकन सुरू होते. रात्रभर थंड राहिलेले मात्र सकाळी कुरकुर करते. म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावून सांगावे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

आम्ही सकाळी सात वाजता पोचलो. मिस्त्रीने कुणाशी न बोलता पहिल्याने बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते! मालक हसून म्हणाले, "तुमच्यासाठीच गरम करून ठेवली, गुरुजी." आम्हाला शाळेतला पोरगा आठवला, ज्याची वही नेमकी तपासणीच्या दिवशी घरी राहते. आम्ही म्हणालो, "काही हरकत नाही. आम्ही चहा घेऊन येतो, फराळ करून येतो, दुपारी येतो. गाडी थंड होऊ द्या." मालकांचे हसू कमी झाले.

दुपारी गाडी सुरू केली. सेल्फ बराच वेळ फिरत राहिला, तेव्हा कुठे इंजिनाने दम धरला. मागे निळसर धूर निघाला. धुराचा रंग पाहायला शिका. ते कठीण नाही. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा मिळाला नाही, तर काळा धूर होतो. इंजिनाचेही तसेच. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की काळा धूर येतो. कधी हवेचा फिल्टर तुंबलेला असतो, त्याचा खर्च थोडा. कधी फवारा मारणारे इंजेक्टर बिघडलेले असतात, तो खर्च मोठा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. हे वाईट. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो आणि विरून जातो, त्याची चिंता नको. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर एक तर डिझेल नीट जळत नाही, नाही तर इंजिनात पाणी शिरत आहे.

मग मिस्त्रीने इंजिन चालू असतानाच ऑइल टाकायचे झाकण सैल करून उचलले. आतून धूर भकभक बाहेर येऊ लागला. थोडीशी वाफ चालते; पण आगगाडीसारखे भकाभका फेकत असेल, तर रिंगा गेल्या असे समजावे. "या इंजिनचा दम गेला, भाऊ," मिस्त्री आमच्या विद्यार्थ्याच्या कानात म्हणाला.

ऑइल मोजायची पट्टीही ओढून पाहावी. डिझेल गाडीचे ऑइल काळे असतेच, त्यावरून गाडीला नावे ठेवू नयेत. पण त्यात दुधाच्या चहासारखा रंग किंवा फेस दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तरी तोच संशय. एक सांगून ठेवतो. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते आणि माणूस जन्माचा भाजतो.

इंजिनानंतर खालचा सांगाडा, म्हणजे चेसिस. आपल्या वऱ्हाडात पिकअपवर कापूस भरतात, तूर, सोयाबीन, संत्र्याचे कॅरेट, सिमेंट, सारे काही भरतात. भरताना किती वजन चालते हे कुणी विचारत नाही. त्या ओझ्याने चेसिसला तडा जातो. मग वेल्डिंग करून वर काळा रंग देतात. म्हणून जमिनीवर पोते अंथरून खाली शिरावे आणि टॉर्च लावून मागच्या पाट्यांची टोके जिथे चेसिसला अडकवलेली असतात, तिथे नीट पाहावे. बाकी सगळीकडे धूळ असून एकाच जागी ताजा रंग असेल, तर मालकाला कारण विचारावे. कोकणातून आलेली गाडी असली, तर गंजही तपासावा. समुद्राची खारी हवा लोखंड खाते. नंबर प्लेटवरून गाव कळते: एम.एच. २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३७ वाशिम. आणि ०८ रत्नागिरी.

टायर एकाच कडेने झिजले असतील, तर चाके वाकडी बसली आहेत, किंवा गाडी कुठे तरी आपटलेली आहे.

मीटरवरच्या किलोमीटरवर फार विश्वास ठेवू नये. तो आकडा मागे फिरवता येतो. क्लच आणि ब्रेकच्या पायदानाचे रबर मात्र सहसा कुणी बदलत नाही. मीटर ४०,००० म्हणतो आणि रबर घासून गुळगुळीत झाले आहे, तर रबराचे ऐकावे.

आता चालवून पाहणे. येथे पुष्कळ लोक फसतात. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती ते अकोला या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण अशा गुळगुळीत रस्त्यावर म्हातारी गाडीही लोण्यासारखी पळते! विकणारा आपणहून मोठ्या रस्त्यालाच नेतो. तुम्ही गाडी पांदणीत न्या. खड्ड्यात घाला. चाकाखालून खडखड आवाज आला, तर सांधे झिजले आहेत. दहा-बारा पोती भरून चढावर न्या. परतवाड्याकडचे लोक चिखलदऱ्याच्या घाटात नेऊन पाहतात, ते शहाणे. चढावर इंजिन भराभर ओरडते आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट गेली. घाट जवळ नसेल, तर सपाट जागी हॅंडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच चांगला. बंद न पडता फिरतच राहिले, तर खर्च आहे. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून पाहा. गाडी एका अंगाला ओढू नये.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बी.एस. ६ नियमाच्या आल्या. त्यांत धूर स्वच्छ करणारी बरीच यंत्रणा असते. काहींना युरियाचे खास तयार पाणी लागते. (शेतात टाकायचा युरिया त्यात कुणी घोळून ओतू नये.) या गाड्यांची दुखणी मिस्त्रीच्या कानाला कळत नाहीत, मशीन लावून पाहावी लागतात. निदान एवढे करा. चावी अर्धी फिरवली की मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल, तर कुणी तरी तो मुद्दाम बंद केला असावा.

आता कागद. शेत घेताना आपण सातबाऱ्यावर बोजा आहे का ते पाहतो. तसाच बोजा आरसी बुकावर असतो. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर त्यावर बँकेचे नाव असते. बँकेची एन.ओ.सी. मिळून तो बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. "कर्ज फिटलं हाय, कागद मागून देतो," असे तोंडी सांगितलेले चालत नाही. विमा आणि चलनेही पाहा. माल वाहणाऱ्या गाडीला फिटनेसचा दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन दोन वर्षांचा मिळतो, पुढे दरवर्षी घ्यावा लागतो.

गाडी आपल्या नावावर करून घेण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आर.टी.ओ. कार्यालयात कळवावे, असा कायदा आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यालाही १४ दिवसांत कळवावे लागते. विकणाऱ्यालाही हे हिताचे आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. गाडी दुसऱ्याला विकली होती, एवढे म्हणून सुटका होत नाही.

त्या दिवशी आम्ही अकोल्याहून रिकाम्या हाताने एस.टी.ने परत आलो. आमचा विद्यार्थी वाटेत गप्पच होता. मिस्त्रीची मजुरी फुकट गेली, असे त्याला वाटत होते. आम्ही त्याला पाटल्यांची आठवण दिली.

दोन महिन्यांनी अमरावतीला एक गाडी मिळाली. रंग उडालेला, डाला ठोकर लागून वाकलेला, क्लच संपत आलेला. पण पहाटेच्या थंडीत एका सेल्फमध्ये सुरू झाली. क्लचचा खर्च किमतीतून वजा करून घेतला. काही रक्कम नाव चढेपर्यंत मागे ठेवली आणि तसे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

सौद्याच्या दिवशी त्याची बायकोही आली होती. ती गेल्या वर्षापासून आपल्या साक्षरता वर्गाला येते. चेसिसचा नंबर १७ अक्षरांचा आणि आकड्यांचा असतो. तो गाडीवर ठोकलेला असतो आणि आरसी बुकातही छापलेला असतो. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. अक्षरे इंग्रजी, ती तिला वाचता येत नव्हती. तिने ठोकलेल्या नंबरवर पातळ कागद ठेवला, वरून पेन्सिल घासली आणि उमटलेला छाप आरसी बुकाशेजारी धरला. एकेका अक्षराचा आकार बोटाने जुळवीत ती शेवटपर्यंत गेली. विकणारा घाई करीत होता. तिने पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदाही सतराच्या सतरा जुळले, तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहून म्हटले, "आता द्या पैसे."