वस्तूंची खतावणी आणि यंत्राचा मुनीम

बाजारांतून सामान आणण्यास कापडी पिशवी बरी कीं प्लॅस्टिकची, असें विचारलें तर बहुतेक लोक कापडीच्याच बाजूनें कौल देतील. परंतु डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांतील उत्तर इतकें सरळ नव्हतें. केवळ हवामानावरील परिणाम पाहिला, तर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करण्यासाठीं साधी सुती पिशवी निदान ५२ वेळां वापरावी लागते. ओझोनच्या थरासह सर्व परिणाम जमेस धरले, तर हाच आंकडा ७,१०० वर जातो. उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचे परिणाम तर ह्या हिशेबांत धरलेलेच नव्हते. पिशवी तीच, कापूस तोच. हिशेबाची चौकट बदलतांच उत्तर शंभरांहून अधिक पटींनीं बदललें.

अशा हिशेबास जीवनचक्र-मूल्यमापन म्हणतात. कच्चा माल जमिनींतून निघाल्यापासून वस्तु तयार होणें, तिची वाहतूक, तिचा वापर आणि शेवटीं तिची विल्हेवाट, ह्या प्रत्येक टप्प्यावर सृष्टीवर किती भार पडतो, हें त्यांत मोजावयाचें असतें. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २००६ सालच्या १४०४० व १४०४४ ह्या मानकांत त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम हेतु व मर्यादा ठरवावयाच्या. नंतर प्रत्येक टप्प्यास काय लागलें व त्यांतून काय बाहेर पडलें, ह्याची यादी करावयाची. मग त्या यादीचें परिणामांत रूपांतर करावयाचें. आणि अखेरीस निष्कर्षाचा अर्थ लावावयाचा. व्यापाऱ्याच्या भाषेंत दुसरी पायरी म्हणजे रोजकीर्द व तिसरी म्हणजे खतावणी. उदाहरणार्थ, खनिज इंधनांतून निसटलेला एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या मुदतींत सुमारे २९.८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो, असें २०२१ सालच्या जागतिक हवामान अहवालांत दिलें आहे.

ह्या कामांतील खरी अडचण अशी कीं, टप्पे एकमेकांत गुंतलेले असतात. पोलाद करण्यास वीज लागते, आणि वीजकेंद्र उभारण्यास पोलाद लागतें. म्हणून हजारों समीकरणें एकाच वेळीं सोडवावीं लागतात. त्या गणिताची मांडणी हायजुंग्स व सू ह्या दोघांनीं २००२ सालच्या आपल्या ग्रंथांत पद्धतशीर केली आहे. लागणारे आंकडे स्वित्झर्लंडच्या इकोइन्व्हेंटसारख्या संग्रहांतून मिळतात, आणि ओपनएलसीए किंवा ब्राइटवे यांसारख्या सर्वांस खुल्या असलेल्या आज्ञावल्या तें गणित करतात. तरीहि योग्य नोंद शोधणें आणि एककें जुळविणें ह्यांत तज्ज्ञांचे कित्येक दिवस जातात.

येथें एआय एजंटचा प्रवेश होतो. एजंट म्हणजे दिलेलें उद्दिष्ट समजून घेऊन पुढील पावलें स्वतः ठरविणारी आज्ञावली. तिच्या मुळाशीं भाषेचें मॉडेल असतें, आणि धोका आहे तो तेथेंच. पोलादाच्या एका किलोमागें किती कार्बन, असें नुसतें विचारलें तर हें मॉडेल स्मरणांतून एखादा आंकडा तत्काळ सांगेल. तो खरा असेल किंवा केवळ खऱ्यासारखा दिसणारा असेल, आणि दोहोंची भाषा मात्र सारख्याच आत्मविश्वासाची असेल. वही न उघडतां तोंडी जमाखर्च सांगणाऱ्या मुनिमावर कोणता सावकार विसंबून राहील?

म्हणून एजंटच्या हातीं साधनें द्यावयाचीं. संग्रहांत शोध घेण्याचें एक, एककें बदलण्याचें दुसरें, समीकरणें सोडविण्याचें तिसरें. एजंटनें साधनास हांक मारावयाची, साधनानें उत्तर द्यावयाचें. आंकडा एजंटनें रचावयाचा नाहीं. अशी हांक मारण्याची एक सामायिक रीत मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ह्या नांवानें नोव्हेंबर २०२४ मध्यें पुढें आली.

साधन चांगलें कोणतें, हें त्याच्या नकारावरून कळतें. विजेची नोंद मागितली असतां त्यानें केवळ आंकडा देऊं नये. देश, वर्ष आणि एककहि सांगावें. भारतांतील वीज बह्वंशीं कोळशाची आहे, नॉर्वेंतील जलशक्तीची. एकीच्या जागीं दुसरी पडली तर सारा हिशेब फसतो. एक किलोवॅट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल, एकक जुळत नसेल तर साधनानें गणित थांबवावें. नोंद नसेल तर ‘नाहीं’ म्हणावें, जवळची नोंद गुपचूप पुढें करूं नये. शिवाय कोणती नोंद, संग्रहाची कोणती आवृत्ति आणि कोणतें गृहीत वापरलें, ह्याची टांचणें मागें राहिलीं पाहिजेत, म्हणजे दुसऱ्यास तोच हिशेब पुन्हा करून पाहतां येईल.

एवढें झाल्यावरहि कांहीं कामें माणसाकडेच राहतात. पिशवीचे ५२ वापर मोजावयाचे कीं ७,१००, हें गणित सांगत नाहीं. कोणते परिणाम महत्त्वाचे मानावयाचे, ह्यावर तें अवलंबून असतें. एक माल दुसऱ्याहून पर्यावरणास बरा आहे, असा जाहीर दावा करण्यासाठीं अभ्यास केला असेल, तर संबंधितांच्या मंडळाकडून त्याची चिकित्सा झाली पाहिजे, असें मानकच सांगतें. यंत्रानें वही लिहिली तरी ती तपासून खालीं सही करणारा माणूसच असला पाहिजे; कारण त्या आंकड्यांवर विसंबून कायदे होतात, कारखाने उभे राहतात, आणि चुकीचा भार अखेर जमीन, पाणी व हवा ह्यांवर पडतो.